धुळीच्या चपला आणि मोनिकाची गाडी

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत सध्या एकच बातमी फिरतेय. वरच्या मजल्यावरच्या मोनिका शेजूळनं पाऊण कोटीची जर्मन गाडी घेतली. म्हणजे निम्मी गल्ली असं म्हणते. उरलेली निम्मी म्हणते, गाडी तिच्या आजोबांनी घेतली, गंगापूरची जमीन फुंकून, तीही रोखीनं. समोरच्या लक्ष्मीबाई तर गळ्याला चिमटा घेऊन सांगतात, "मी सोताच्या हातानं हळदकुंकू लावलं गं त्या गाडीला! नारळ बी मीच फोडला. अर्धा डायवरच्या हातात दिला. चांगल्या घरचा दिसत व्हता बिचारा."

आता खरं काय ते. मोनिकाकडे पाऊण कोटीची गाडी नाही. तिच्याकडे एक स्कूटी आहे, आणि तिला उजवा आरसा मागच्या गणपतीपासून नाही. गंगापूरला जमीन नाही, कधी नव्हतीच. तिच्या आजोबांनी, म्हणजे रामकिसन आबांनी, उभा जन्म गंगापूर लाइनला काळी-पिवळी जीप चालवली. आणि लक्ष्मीबाईंनी ज्याच्या हातात अर्धा नारळ ठेवला तो ड्रायव्हर नव्हता. ते मंदार सर होते, मोनिकाच्या शोरूमचे मॅनेजर. ते आमच्या खोदलेल्या गल्लीत नारळ धरून का उभे होते, हे सांगायचं तर सुरुवात चपलांपासून करावी लागेल.

मोनिका जालना रोडवरच्या एका परदेशी गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला आहे. शोरूम म्हणजे काचेचं देऊळच. फरशीत बघून भांग पाडावा इतकी ती चकचकीत, आणि एसी असा की जूनमध्येही माणसानं स्वेटर घालून भाव विचारावा. दारातून आत पाऊल पडलं की मोनिकाचा आवाज बदलतो. घरी ती ओरडते, "ए आई, टाकी भरली ना गं, मोटार बंद कर की!" तीच मोनिका तिथं मान तिरकी करून म्हणते, "गुड मॉऽर्निंग सर, वेऽलकम. आपल्यासाठी मी काय अरेंज करू शकते?" हा आवाज ट्रेनिंगमध्ये ब्लेझरबरोबर मिळाला. आवाज फुकट, ब्लेझर मात्र कंपनीचा. सहा महिन्यांत एक तरी गाडी स्वतःच्या नावावर विकायची, नाहीतर ब्लेझर धुऊन, इस्त्री करून परत करायचा आणि घरी बसायचं.

आणि घरी बसायचं म्हणजे नुसतं बसायचं नव्हतं. मोनिकाचे वडील गोकुळकाका चितेगावच्या कंपनीत शिफ्टला जातात. स्वभावानं गरीब माणूस, पण त्यांनीही एकदा जेवताना सांगून ठेवलं होतं, "नोकरी पक्की झाली तर दोन वर्सं थांबू. नाय झाली तर मामानं आणलेली स्थळं बघायला लागू." पहिलं स्थळ वैजापूरचं होतं. मुलाला मोबाइलचं दुकान होतं आणि फोनवर तो 'हॅलो'च्या आधी 'हां बोल' म्हणायचा. मोनिकानं तेव्हापासून ब्लेझरवर चहाचा थेंब पडू दिला नाही.

अडचण एकच होती. तिच्या वाट्याला गिऱ्हाईक येतच नव्हतं, कारण गिऱ्हाइकांची वाटणी मंदार सर करायचे आणि ते माणसाच्या आधी त्याच्या चपला बघायचे. देवळाबाहेर चपला सांभाळणाराही इतकं मन लावून बघत नसेल.

याला इतिहास आहे. दोन वर्षांपूर्वी धोतर नेसलेला एक म्हातारा शोरूमच्या दारात आला होता. तेव्हाच्या नियमाप्रमाणे गार्ड कडुबानं त्याला "बाबा, बसस्टॉप पुढं हाय" असं नम्रपणे सांगितलं. म्हातारा पुढं गेला, बसस्टॉपला नाही, शेजारच्या शोरूमला. तासाभरात त्यानं गाडी ठरवली आणि डिलिव्हरीच्या दिवशी याच दारासमोर थांबून, खिडकी खाली करून, कडुबाला विचारलं, "बसस्टॉप कुठंशी म्हनला व्हतास?" मालकानं त्या दिवशी मंदार सरांना जे सुनावलं ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

त्यातून मंदार सर धडा शिकले. शहाणा माणूस यातून शिकला असता की आल्यागेल्याला बरं वागवावं. मंदार सर शिकले की मळकट तेवढे सगळे करोडपती. झालं! जुना नियम त्यांनी तसाच ठेवला, फक्त उलटा टांगला. इस्त्रीचा शर्ट आला तर पाणी, तेही मागितलं तर. टाय घालून आला तर तो इन्शुरन्सवाला. पण चपलेवर धूळ दिसली की आत ओले रुमाल, भाजलेले काजू आणि फेसाची कॉफी अशी वरात निघायची. एकदा शेजारच्या इमारतीला रंग देणारा एक रंगारी, डोक्यापासून पायापर्यंत चुन्यानं माखलेला, बाथरूम कुठं आहे विचारायला आत आला. मंदार सरांनी त्याला लेदरच्या सोफ्यावर बसवून सनरूफ उघडझाप करून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बरोबर चहाच्या वेळेला तो चौघांना घेऊन आला. इमारत रंगून होईपर्यंत शोरूमचा काजूचा डबा तीनदा भरावा लागला.

असं धुळीचं गिऱ्हाईक आलं की मंदार सर हात वर करायचे. "हाय पोटेन्शियल. मी बघतो." आणि स्वच्छ माणूस आला की, "मोनिका, हे तू बघ." 'तू बघ' म्हणजे काय, हे शोरूमच्या झाडूलाही माहीत होतं.

अशाच एका 'तू बघ'मधून सावनी मॅडम मोनिकाच्या वाट्याला आल्या. उल्कानगरीत त्यांचा दातांचा दवाखाना. हातात हेल्मेट, अंगात कडक इस्त्रीचा सुती कुर्ता, पायांत पुसलेल्या सँडल. मंदार सरांनी खाली बघितलं आणि उसासा टाकला. "किती स्वच्छ आहे. हिला हप्ता पण झेपणार नाही." सावनी मॅडमनी तीन प्रश्न विचारले, तिन्ही नेमके. पाणी कुणी विचारलं नाही. दुसऱ्यांदा आल्या तेव्हाही विचारलं नाही, कारण त्या दिवशी पेंडीच्या पोत्यासारखा वास येणारे एक काका आले होते आणि सगळा स्टाफ त्यांच्याभोवती होता. जाताना मॅडम म्हणाल्या, "शनिवारी आईला घेऊन येते. तिला गाडीतून फिरवून आणायचंय, मग ठरवू. जमणार नसेल तर आताच सांगा, मी पुण्याहून घेते."

शनिवार म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस. मोनिकाच्या सहा महिन्यांचाही शेवटचाच. आणि फिरवायच्या डेमो गाडीची चावी मंदार सरांच्या ड्रॉवरमध्ये. मोनिकानं मागितली. सर हसले, अगदी मायेनं. "मोनिका, डेमो सिरियस कस्टमरसाठी असते. स्कूटीवर येणाऱ्यांना ब्रोशर देतात."

शुक्रवारी संध्याकाळी मोनिका गच्चीवर आली ती ब्लेझर घडी घालूनच. आबा शेंगा फोडत बसले होते, मीही होते.

"झालं आबा. उद्या चावी मिळत नाय. बाई पुण्याला जाती आन मी वैजापूरला."

"कुनाला देत्यात मग चावी तुजे सर?"

"धुळीला."

"म्हंजी?"

"चप्पल मळकी पायजे. जितकी मळकी तितका मानूस मोठा. दुसरं काय बघतच नायत ते."

आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "असं व्हय?" ते म्हणाले, आणि मग, "मोने, रिकाम्या जीपमधी कदी शीट बसल्याली बघितली का तू?"

शीट म्हणजे जीपवाल्यांच्या भाषेत पॅसेंजर. जीप रिकामी उभी असेल तर तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, कारण ती कधी भरेल आणि कधी निघेल कुणाला माहीत. म्हणून लाइनवरचा प्रत्येक ड्रायव्हर आधी आपलीच दोन माणसं आत बसवतो. एखादा चुलतभाऊ, एखादा पानटपरीवाला. ती बसली की जीप निघायला आलीय असं वाटतं, खऱ्या शिटा पळत येतात, आणि गाडी भरली की चुलतभाऊ मागच्या दारानं गुपचूप उतरतो. आबांनी तीस वर्षं अशाच शिटा भरल्या.

"उद्या मी बसतो," आबा म्हणाले. "सरांची नजर माज्याकडं. तू तुजी शीट भर."

"आबा, तिथं एक शब्द खोटं बोलायचं नाय. सापडलो तर दोघंबी जाऊ."

"खोटं कशाला? मी नुस्ता बसनार. डमी शिटंला बोलायचं काम नसतं."

मला हे सगळं इतकं येडपट वाटलं की मी तिथल्या तिथं मोनिकाशी पैज लावली. गाडी विकली गेली नाही तर महिनाभर तिची स्कूटी माझी. विकली गेली तर महिनाभर मी तिला चिडवायला तिचा शोरूमचा आवाज काढायचा नाही. मोनिकानं टरफलांनी भरलेल्या हातानंच टाळी दिली. मनातल्या मनात मी त्याच संध्याकाळी नवा आरसा बसवून घेतला.

शनिवारी आबा तयार झाले तेव्हा एक भलतीच अडचण उभी राहिली. आबा म्हणजे गल्लीतला सगळ्यात टापटिपीचा माणूस. रुमालाला इस्त्री, चपलेला पॉलिश. लग्नातलं धोतर काढून चुरगाळेपर्यंत सुनेचा जीव खालीवर झाला. चपलेसाठी मात्र लांब जावं लागलं नाही. पाण्याच्या पाइपलाइनसाठी गल्ली दिवाळीपासून खोदून ठेवलीय. आबा त्या चरातून दोनदा चालून आले आणि पायाकडे बघून स्वतःच हळहळले.

मोनिका काउंटरमागं उभी होती. काचेपलीकडे रिक्षा थांबली, आबा उतरले, कडुबानं सलाम ठोकला. मंदार सरांनी मान वर केली. म्हणजे खाली केली. चपला बघितल्या आणि त्यांच्या तोंडावर जो उजेड पडला तो आतल्या गाड्यांच्या हेडलाइटलाही कधी पडला नसेल.

"अहोऽ काका! या, या, या!"

आबा सवयीनं दारातच चप्पल काढायला वाकले.

"छे छे छे! चप्पल काढायची नाही हं!"

"आवो, फरशी खराब व्हईल, साहेब."

"होऊ द्या की! आपलंच शोरूम आहे!"

मोनिकानं खाली बघून ओठ चावला. पुढचा अर्धा तास तिनं कानानंच बघितला. मंदार सर धुळीशी बोलताना गावाकडची भाषा लावतात. एरवी "अगदी अप्रतिम" म्हणणाऱ्या तोंडातून "लय ब्येस्स" असं निघतं की वाटावं ब्येसला ठेच लागली. "काय मंग पाव्हणं! औंदा पाऊसपानी कसं हाय?"

"हाय की. नळाला सात दिसांनी येतं," आबा म्हणाले.

सर खो खो हसले. काजू आले. कॉफी आली. आबांनी फेसाकडे संशयानं बघितलं. "ही उतू गेलीय व्हय?"

"कॅपुचिनो, काका! परदेशात अशीच पितात."

"बिचारे."

मग आबांनी गाडीत डोकं घातलं, तीस वर्षांच्या सवयीनं आधी मागची सीट हातानं मोजली, आणि फार दुःखी चेहऱ्यानं बाहेर आले. "किती शिटा?"

"पाच, काका. लक्झरी आहे ना."

"पाच! माज्या जीपमधी पंधरा बसायच्या. डायवरच्या उजव्या मांडीला एक."

"काका फार विनोदी आहेत," सरांनी साऱ्या स्टाफला सांगितलं, आणि सारा स्टाफ हसला.

नेमक्या तेव्हा सावनी मॅडम आल्या. बरोबर त्यांची आई, भानुमतीकाकू, नऊवारीसकट धुऊन वाळवल्यासारख्या लख्ख. कुणी मान वळवली नाही. मोनिका पुढं झाली. "गुड आऽफ्टरनून मॅम, वेऽलकम," असं तोंडानं म्हणत डोळ्यांनी ती ड्रॉवरकडे बघत होती.

मंदार सरांनी चावी काढली होती. पण ती आबांपुढं धरली होती. "चला काका, चालवून बघा! तुमचीच समजा!"

गच्चीवर हा मुद्दा कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. डेमो गाडी एकच. आबा बसले की ती गेली, आणि काकूही गेल्या.

आबांनी चावीकडे बघितलं, मग हात पाठीमागं नेले. "न्हाय साहेब. मी पयला बसत न्हाय. आमच्या लाइनला रीत हाय. पयली फेरी बाईमानसाची. बाईचं पाऊल लागल्याबिगर मी कदी गाडी हालवली न्हाय." आणि भानुमतीकाकूंकडे वळून हात जोडले. "या आक्का बसत्याल का? बसल्या तर लई बरं व्हईल."

यातलं अक्षर अन् अक्षर खरं होतं. सकाळची पहिली शीट बाई असावी म्हणून आबा स्टँडवर तासभर थांबल्याचं अख्ख्या गंगापूरला माहीत आहे. मंदार सरांना ते ऐकून भरूनच आलं. काय ती संस्कृती! पाऊण कोटीचा व्यवहार एका फेरीसाठी अडला होता. त्यांनी चावी मोनिकाच्या हातात टाकली आणि तिच्या कानाशी म्हणाले, "त्या आजींना एक चक्कर मारून आण. पटकन. माझं मोठं गिऱ्हाईक बसलंय."

चक्कर पैठण रोडला लागली. मॅडम चालवत होत्या, मोनिका शेजारी, काकू मागं. मोनिकानं पाठ केलेलं सुरू केलं. "मॅम, या गाडीमध्ये आपल्याला जो ड्रायव्हिंग एक्सपिरियन्स मिळतो तो…"

"सावनी," मागून काकू म्हणाल्या, "आपली स्कूटी काय वाईट आहे गं? एवढ्या पैशांत माणसानं काय काय करावं."

मोनिकाला वैजापूर दिसायला लागलं. तेवढ्यात एक ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या ऊस, न बघता आडवा घुसला. मॅडमनी ब्रेक दाबला आणि मोनिकानं काच खाली करून डोकं बाहेर काढलं. "ए मुडद्या! डोळं गंगापूरला ठिवून आला का रं!"

काच वर झाली. मोनिकानं हळूच म्हटलं, "सॉरी, मॅम."

सावनी मॅडम हसत होत्या. "नको. हाच आवाज ठेवा. आता मला सांगा, या गाडीत वाईट काय आहे?"

मोनिकानं सांगून टाकलं. "सर्व्हिसिंग लई महाग हाय, मॅडम. टायर फुटला तर जीव जातो. आमच्या गल्लीत आणली तर खालून घासंल. पण चालवायला…" ती थांबली. "माजी असती तर मी घरी गेलेच नसते."

"आणि मागची सीट पाठ चोळते म्हणे?"

"चोळती की." मोनिकानं बटण दाबलं.

मागून काकूंचं पैशांबद्दलचं बोलणं चालूच होतं. ते हळूहळू तुटक झालं, मग त्याचं गुणगुणणं झालं, मग काहीच राहिलं नाही. चितेगाव आलं. कंपनीची शिफ्ट सुटली होती, टपरीवर गर्दी होती आणि त्या गर्दीत गोकुळकाका चहा फुंकत होते. त्यांनी तिथूनच 'मोने' अशी हाक मारू नये म्हणून मोनिका सीटवरून घसरून अर्धी खाली गेली. मॅडमनी आरशात बघितलं आणि गाडी कडेला घेतली. काकू तोंड उघडं ठेवून घोरत होत्या.

"बाबा गेल्यापासून आई दुपारची झोपली नव्हती," मॅडम एवढंच म्हणाल्या.

काकू जाग्या झाल्या त्या परतीच्या वाटेवर, पैठण नाक्याशी. पदर सावरला, खिडकीबाहेर बघितलं आणि विचारलं, "एवढ्यात आलो?" मग म्हणाल्या, "घेऊन टाक."

शोरूमला येईपर्यंत दोन तास उलटले होते. आबा चौथ्या कॉफीवर होते. मंदार सरांनी आत आलेल्यांकडे बघितलंसुद्धा नाही. काउंटरवर मॅडमनी सही केली, बुकिंगचे पैसे भरले, विक्रेत्याच्या रकान्यात मोनिका शेजूळ असं स्वतःच्या हातानं लिहिलं. आणि पलीकडे मंदार सर आबांना म्हणत होते, "काका, आता तुमची पाळी! असं करू, याच गाडीतून तुम्हाला घरी सोडतो. घर पण बघू, पार्किंग पण बघू."

गाडी भरली की डमी शीट उतरते. पण ही शीट उतरायच्या आधीच जीप निघाली होती.

मोनिकाला आईचा फोन आला तेव्हा ती पेढे वाटत होती. "अगं, तुजे सर आलेत घरी! आबांनी आनलंय! गाडी चरात अडकलीय!" मोनिका बिनआरशाच्या स्कूटीवरून अशी सुटली की तिच्या मागं कोण आहे हे तिला तसंही दिसलं नसतं. गल्लीत पोचली तोवर लक्ष्मीबाईंची पूजा आटपली होती. पोरं बंपरवरचं कुंकू बोटानं कपाळाला लावत होती.

मंदार सर दिवाणवर बसले होते, अर्धा नारळ मांडीवर. समोर टीव्ही. टीव्हीच्या वर मोनिकाचा फोटो, ब्लेझर घालून, नोकरीच्या पहिल्या दिवशीचा. आईनं सोनेरी चौकटीत बसवून घेतलेला. सर फोटोकडे बघत होते, मग दारातल्या मोनिकाकडे, मग परत फोटोकडे. गावाकडची भाषा आणि शुद्ध भाषा, दोन्ही त्यांना एकदमच सोडून गेल्या होत्या.

"ही… आपली?"

"नात हाय. बसा की, चहा येतोय," आबा म्हणाले.

"मोनिका, तू सांगितलं नाहीस मला."

"तुमी इचारलं नाय, सर."

"काका, तुम्ही मला फसवलंत!"

"कशात?" आबांना खरंच वाईट वाटलं होतं. "मी गाडी घेतो म्हनलो का? मी तर चप्पल काढत व्हतो. तुमीच काढू दिली न्हाय."

मंदार सर हिशेब करत असावेत. मालकाला काय सांगायचं? महिन्याच्या शेवटच्या दिवशी आपण ट्रेनी मुलीच्या आजोबांना काजू चारत बसलो, आणि ज्या बाईला दोनदा येऊनही पाणी विचारलं नाही तिनं त्याच वेळात गाडी घेतली? चहा आला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच.

"सोमवारी कन्फर्मेशनचं पत्र घेऊन जा," ते शेवटी म्हणाले. "आणि हे… शोरूममध्ये…"

"नाय सर. कुनाला नाय."

तिनं शब्द पाळला. शोरूममध्ये कुणालाच सांगितलं नाही. फक्त गच्चीवर, आबांबरोबर, सगळे आवाज काढून, तीनदा करून दाखवलं.

नोकरी पक्की झाली. वैजापूरच्या मुलाला मामानं दुसरी मुलगी दाखवली. सावनी मॅडमच्या ओळखीतून आणखी दोन गिऱ्हाइकं आली, दोन्ही स्वच्छ. मंदार सर हल्ली चपला बघून झाल्या की नाकही बघतात, मोनिकासारखं आहे का म्हणून. तो रंगारी परवा परत आला होता म्हणे; त्याला आधी आडनाव विचारलं.

राहिली माझी पैज. मी हरले. रविवारी सकाळी मी विसरून जिन्यात "गुड मॉऽर्निंग…" एवढं म्हटलं तर वरून मोनिका ओरडली, "ए! महिना!" स्कूटी गेली, आरसा गेला, आवाजही गेला. मोनिकाची नक्कल तोंडानं करायची नाही, असं ठरलं होतं. लिहायची नाही असं कुणी म्हणालं नव्हतं.